पुराण मागणारे

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकाला बहुधा शाळेच्या पुस्तकात भेटते आणि बहुधा तिथेच राहून जाते. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी अशा एकामागून एक उपमा देत मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार-पाच ओव्या पाठ्यपुस्तकांत आल्या, भाषा दिनाच्या फलकांवर चढल्या, भाषणांच्या आरंभी म्हटल्या जाऊ लागल्या. ज्या ग्रंथातून त्या उचलल्या त्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या किती? १०,९६२. म्हणजे आपण उंबऱ्यावरची रांगोळी पाहिली आणि वाड्यात न शिरताच परतलो. त्यातही त्या ओव्या आपण वाचतो त्या साहेबाने मराठीला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून. वास्तविक स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी जन्मायला एकवीस वर्षे होती आणि इंग्रजाला या देशात कोणी साहेब म्हणत नव्हते. शिवाय देशीत काव्य मांडणाऱ्या कवीने आरंभी आपल्या भाषेची कैफियत द्यावी, ही रीत मराठीत ज्ञानेश्वरांपासूनची. स्टीफन्स यांनी ती पाळली. त्या ओव्यांत परक्याचा अचंबा शोधणे म्हणजे कवीने पाळलेल्या शिष्टाचाराला त्याची साक्ष समजणे होय.

या प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे स्टीफन्स यांनी मराठीला दिलेले दान नाही. ते आधी मागितले गेले आणि मग लिहिले गेले. ज्यांच्या पोथ्या गेल्या, देव गेले, पण ऐकण्याची सवय गेली नाही, अशा साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांनी ते मागितले. त्याची भाषा, घाट, छंद, इतकेच काय, त्याचे पुढचे आयुष्यसुद्धा या मागणीने ठरवले. स्टीफन्स यांचे मोठेपण ती मागणी ऐकू येण्यात आणि तिला जोगे उत्तर देण्यात आहे. असे म्हटल्याने लेखकाचे श्रेय कमी होते असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. पण त्याकडे यायला थोडा वेळ लागेल.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यातल्या बुश्टनचा. वडील व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक असणे आधी संशयाचे आणि पुढे पुढे उघड गुन्ह्याचे झाले. थॉमस पाउंड या स्नेह्याबरोबर रोमला जाऊन जेझुइट संघात शिरायचे असा त्यांचा बेत होता. पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटे निघाले, १५७५ मध्ये संघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांच्या ताफ्यातून सुटले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्या प्रवासाची हकिगत सांगणारे वडिलांना लिहिलेले पत्र हॅकलूट या संग्राहकाने छापले. १५८३ मध्ये भाऊ रिचर्ड याला लिहिलेले पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत दप्तरातच पडून राहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यात एका ओझरत्या वाक्यात म्हटले आहे. विल्यम जोन्स यांनी हेच कलकत्त्यात मोठ्या सभेपुढे मांडले ते १७८६ मध्ये. भाषाशास्त्राच्या इतिहासात जोन्स यांचा मान त्यामुळे घटत नाही, पण गोव्यात येऊन चार वर्षे झालेला माणूस कान कुठे लावून बसला होता ते कळते. पुढचे सारे आयुष्य, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मुख्यतः साष्टीत गेले. ही साष्टी गोव्याची, मडगाव-राशोलची. मुंबईजवळच्या साष्टीशी तिची गल्लत अभ्यासकांच्या लिखाणातही अधूनमधून होते.

साष्टीत ते काय पाहत होते हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. १५६७ च्या मोहिमेत एकट्या साष्टीतली अडीचशेहून अधिक देवळे पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा आणि कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी रातोरात नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात, फोंड्याच्या बाजूला नेले आणि ते आजही तिथेच आहेत. देव उचलून नेता येतात. गाव नेता येत नाही. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी धर्म बदलला, काहींनी मनापासून, पुष्कळांनी जमीन आणि गावकीतला हक्क राखण्यासाठी. पोथ्यांवरही धाड आली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंडितांच्या घरांतून ग्रंथ उचलून जेझुइटांच्या हवाली केल्याच्या नोंदी त्यांच्याच पत्रव्यवहारात आहेत. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले; मग वाटाघाटींसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावप्रमुखांची पोर्तुगिजांनी कत्तल केली. स्टीफन्स त्या वेळी याच मुलखात होते.

या उद्ध्वस्त मुलखात मराठीचे स्थान काय होते? घरी, शेतात, बाजारात कोंकणी. देवळात, कीर्तनात, पोथीत मराठी. साष्टीतल्याच केळशी गावच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ मराठी ओवीत रचली, म्हणजे पोर्तुगिजांचे पाऊल साष्टीत पक्के पडण्यापूर्वीच तिथे पुराणाची मराठी रुळलेली होती. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रामायण-महाभारतातल्या कथांची कोंकणी आणि मराठी हस्तलिखिते आहेत, तीही रोमन लिपीत उतरवलेली. पाद्र्यांनी ती भाषा शिकण्यासाठी आणि खंडनासाठी सामग्री म्हणून उतरवून घेतली असणार. हेतू काहीही असो, गोव्यात हिंदू पोथी जप्त करणारा हात आणि तिची नक्कल करणारा हात एकाच मठात होता, हे त्या पानांवरून दिसते. स्टीफन्स यांना मराठी पुराणाचा घाट सापडला तो अशा वातावरणात.

आता मूळ प्रसंगाकडे. ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरात (स्टीफन्स यांच्या पुराणात अध्यायाला ‘अवस्वर’ म्हणतात) एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला प्रश्न करतो. त्याचा आशय असा: मुलांना तुम्ही प्रश्नोत्तरे शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशीच दुसरी आम्हाला का देत नाही? वेळ घालवायला, मन रिझवायला, श्रद्धा टिकवायला काहीतरी हवे ना? हा प्रश्न सभ्य शब्दांत आहे, पण त्यात तक्रार आहे. तुम्ही घेतलेत, आता भरपाई द्या, असे तो माणूस म्हणतो आहे. इन्क्विझिशनच्या परवानगीचा शिक्का मुखपृष्ठावर घेऊन छापलेल्या पुस्तकात ही तक्रार लेखकाने आपल्या हाताने नोंदवली, आणि तिला उद्धट म्हणून झिडकारले नाही.

इथे जाणकार हरकत घेईल. पुराणात प्रश्न विचारणारा असावाच लागतो. परीक्षिती विचारतो तेव्हा शुक सांगतात, जनमेजय विचारतो तेव्हा वैशंपायन सांगतात. मग स्टीफन्स यांचा ब्राह्मण हा नुसता साचा नव्हे कशावरून? तो खरोखर कोणी एक माणूस होता असा माझा दावा नाही. पण साच्यात काय ओतले ते पाहावे. परीक्षितीला मरणापूर्वी मोक्ष हवा असतो. या ब्राह्मणाला नुकसानभरपाई हवी आहे. असा प्रश्न परंपरेत आयता मिळत नाही, तो साष्टीतच सुचू शकतो. आणि मागणी केवळ साहित्यिक संकेत असती, तर उत्तर देताना लेखकाने श्रोत्यासाठी एवढी तोशीस घेतली नसती. ग्रंथाला त्यांनी गद्य प्रस्तावना जोडली आहे. रचना बहुतांशी मराठीत आहे, पण शुद्ध मराठीतले पुष्कळ शब्द आताच्या लोकांना कळत नाहीत, म्हणून इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे ते त्यात सांगून टाकतात. पांडित्य दाखवायचे असते तर माणूस नेमके उलटे करतो.

याहून मोठा पुरावा त्यांच्या दुसऱ्या दोन पुस्तकांत आहे. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी त्यांनी लिहिली ती कोंकणीत. ती १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, राशोलला छापली गेली. कोंकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. दियोगु रिबैरु या सहकाऱ्याने त्यात भर घालून ते १६४० मध्ये प्रसिद्ध केले, आणि भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण हा मान त्याला दिला जातो. म्हणजे मुलाला पाठ करायचे ते कोंकणीत, मोठ्यांनी बसून ऐकायचे ते मराठीत. ही वाटणी स्टीफन्स यांनी शोधून काढलेली नाही. ती साष्टीच्या लोकांची होती आणि त्यांनी ती मानली. मराठी-कोंकणी वादात दोन्ही पक्ष त्यांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करतात. ते दोघांच्याही उपयोगाचे नाहीत, कारण त्यांना या दोन भाषांची दोन कामे दिसत होती, भांडण दिसत नव्हते.

छपाईचा प्रकार तर जवळून पाहण्यासारखा आहे. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले. कोल्लमला १५७८ मध्ये तमिळ लिपीत पुस्तक छापले गेले. मराठी-कोंकणीला मात्र ते भाग्य नव्हते. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून याची खंत कळवली. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत ही आपली पुष्कळ वर्षांची इच्छा, पण अडचणी दोन: युरोपात चोवीस अक्षरांत भागते, इथे साचे करावे लागतील सहाशे, आणि वरून हुकूम आल्याशिवाय हे काम कोणी अंगावर घेणार नाही. सहाशे हा आकडा ऐकून देवनागरी जुळवणाऱ्या कोणत्याही जुन्या खिळेजुळाऱ्याला हसू येईल, कारण त्याच्या केसमध्येही एवढ्याच्या आसपास खाने असत. प्रत्येक व्यंजन, त्यावर काना, मात्रा, वेलांटी, उकार, मग जोडाक्षरे: सतराव्या शतकाच्या आरंभीच्या गोव्यात हे पोलाद कोरणार कोण? साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये राशोलच्या महाविद्यालयात ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत, पोर्तुगीज शीर्षकाखाली. ‘पुराण’ लिहायचे तर ‘ण’साठी ‘एन’ हे अक्षर दोनदा, ‘श’साठी ‘एक्स’, ‘देव’मधल्या ‘व’साठी ‘यू’. मराठी ओवी परक्या कपड्यांत छापखान्यातून बाहेर पडली. शीर्षकात ‘जगात आलेल्या तारणाऱ्यावरचे प्रवचन’ अशा अर्थाचे पोर्तुगीज शब्द होते; आत दोन भागांची नावे ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ अशी. लोकांनी मुखपृष्ठावरचे नाव सोडले आणि आतले घेतले.

पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वर आणि जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्यापर्यंतची जुन्या करारातली कथा. दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वर आणि ख्रिस्तचरित्र. आपल्याकडे याला कधी ‘मराठी बायबल’ म्हटले जाते. ते चूक आहे आणि चुकीचे कारण कळण्यासारखे आहे. ट्रेन्टच्या परिषदेनंतर रोमने देशी भाषांतल्या बायबलवर कडक बंधने घातली होती. स्टीफन्स यांच्या मायदेशी राजाज्ञेने १६११ मध्ये इंग्रजी बायबल निघाले ते प्रोटेस्टंटांचे. गोव्यातल्या जेझुइटाला बायबलचे भाषांतर करता येत नव्हते. पुराण सांगता येत होते. कथा निवडा, जोडा, रंगवा, मध्येच थांबून उपदेश करा, श्रोत्याला हाक मारा: पुराणिकाला जे स्वातंत्र्य परंपरेने दिले होते ते भाषांतरकाराला चर्चने नाकारले होते. इथेही घाट श्रोत्यांचाच कामी आला. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधून चौथा मोकळा सोडला, आणि आरंभी देवाला नमन घातले. गणेश-शारदेची जागा रिकामी ठेवून तिथे पवित्र त्रैक्य आणि मरियामाता बसवली, तरी बसण्याची चौकट तीच.

सर्वांत गंभीर हरकत आता घ्यायला हवी, आणि ती सौम्य करून घेण्यात अर्थ नाही. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्याच छत्राखाली हा माणूस ओव्या रचत होता. त्याच्या ग्रंथात मूर्तिपूजेचा धिक्कार आहे, जुनी पुराणे खोटी ठरवली आहेत. मग हे सारे गोड बोलून केलेले धर्मांतरच नव्हे काय? पाडणाऱ्याने भिंत पाडायची आणि गाणाऱ्याने मन वळवायचे, असा हा दोन हातांचा कारभार नव्हता काय? याचे उत्तर ‘होता’ असेच आहे. स्टीफन्स हे मिशनरी होते, आणि श्रोत्यांचा नवा धर्म पक्का व्हावा एवढ्यासाठीच त्यांनी लिहिले. त्यांना सर्वधर्मसमभावाचे आद्य पुरस्कर्ते ठरवणारे लेख मी त्यांच्या निंदकांच्या लेखांइतकेच निरुपयोगी मानतो. ज्या इंग्लंडात आपल्या धर्माच्या लोकांचा छळ होत होता तिथून हा माणूस निसटला आणि जिथे आपल्या धर्माचे लोक छळ करत होते तिथे येऊन राहिला. पाउंडच्या तुरुंगाची आठवण त्यांना कुंकळ्ळीच्या वेळी झाली का, याचे उत्तर त्यांच्या लिखाणात मिळत नाही. गप्प राहण्याचा दोष त्यांच्या पदरात घालायचा तर घालावा.

पण या हरकतीमागे एक गृहीत आहे, आणि ते मला मान्य नाही. ते असे की धर्मांतर झालेल्या माणसाला स्वतःची इच्छा उरतच नाही. त्याच्या हातात पाद्री जे ठेवील ते तो घेतो. साष्टीच्या लोकांनी सगळे घेतले नाही. प्रश्नोत्तरी त्यांना पुरली नाही. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटाने हुकूम काढला की तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज शिकावे आणि देशी भाषा टाकून द्यावी. तीन वर्षे गेली, तीनशे गेली, आणि गोव्याचा ख्रिस्ती माणूस घरी कोंकणीच बोलतो. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नातली गाणी, वाद्ये, विडा-फुले असल्या चालींची भलीमोठी यादी करून त्यांवर बंदी घातली. पावणेदोनशे वर्षांनंतरही बंदी घालावी लागते याचा अर्थच असा की चाली चालू होत्या. ‘ख्रिस्तपुराण’ याच चिवटपणाच्या बाजूला मोडते. सत्तेला पोर्तुगीज हवी होती. श्रोत्यांना ओवी हवी होती. स्टीफन्स सत्तेच्या घरात राहून श्रोत्यांचे ऐकणारे निघाले, आणि त्यांच्यामागून एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने पीटरचे पुराण मराठीत रचले तेव्हा एकदा पडलेली वाट मोडली नाही हेही दिसले.

दुसरी हरकत वेगळ्या टोकाची. इंग्रज माणसाला असली मराठी लिहिता येणे शक्य नाही. हे कोणा पंडिताचे काम असून नाव पाद्रीचे लागले आहे. गोव्यात उतरल्यापासून ग्रंथ पुरा होईपर्यंत, म्हणजे १५७९ ते १६१४, पस्तीस वर्षे गेली. पस्तीस वर्षांत माणूस भाषा शिकतो. ज्याचे व्याकरण आजही उपयोगी पडते तो तर शिकतोच. शिवाय दहा हजार ओव्यांत एकच कल ठायी ठायी दिसतो, बायबलमधला अवघड प्रसंग आला की गावातल्या रोजच्या व्यवहारावरून तो समजावण्याचा. हे अनेक हातांचे काम वाटत नाही. तरी मदतनीस होते यात शंका नाही. पुराणाची मराठी घरी बसून येत नाही. ती कोणाकडून तरी ऐकावी लागते, चुकलेली ओवी कोणाकडून तरी दुरुस्त करून घ्यावी लागते. ते लोक कोण, याची नोंद मुखपृष्ठावर नाही. त्या काळच्या मिशनरी ग्रंथांवर ती सहसा नसते. या हरकतीत तथ्य आहे ते एवढे; आणि ते माझ्या मुद्द्याला पोषकच आहे, कारण मागणाऱ्यांपैकी काहीजण देण्याच्या कामातही बसले होते.

वारशाचा हिशेब मात्र सरळ नाही. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. एवढा मोठा छापील ग्रंथ तीनदा निघून समूळ नाहीसा व्हावा, आणि हाताने उतरवलेल्या नकलांवर जगावा, ही मुद्रणाच्या इतिहासातली उलटी गंगा आहे. या नकला टिकल्या त्या मुख्यतः गोव्याबाहेर, दक्षिण कानडा भागात. इन्क्विझिशन, दुष्काळ आणि लढायांना कंटाळून गोव्याची जी ख्रिस्ती कुटुंबे मंगळूरकडे गेली, त्यांनी ही पोथी बरोबर नेली. भोवती तुळू आणि कन्नड, घरात कोंकणी, आणि मोठ्या आवाजात वाचायला मराठी पुराण. १७८४ मध्ये टिपूने या समाजाला श्रीरंगपट्टणला कैदेत नेले. घरेदारे गेली, चर्च पडली, तरी पोथ्या उरल्या. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला तो अशाच नकला जमवून, रोमन लिपीत. देवनागरीत तो पुण्याला शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आणला. पुढे कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. म्हणजे मुख्य प्रवाहातल्या मराठी वाचकाला हे मराठी काव्य स्वतःच्या लिपीत वाचायला मिळाले ते रचना होऊन साडेतीनशे वर्षे होत आली तेव्हा. तोवर त्याचा मराठी काव्यावर काही परिणाम झाला नव्हता, आणि तसा झाल्याचे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. एकनाथ पैठणला होते तेव्हा स्टीफन्स साष्टीत होते, तुकाराम देहूला वाढत होते तेव्हा पहिली आवृत्ती विकली जात होती. पण त्या दोन मराठींच्या मध्ये पोर्तुगीज सीमा होती.

ज्यांना परिणाम हाच वारसा वाटतो ते यावर ग्रंथ बाजूला ठेवतील. मी तसे करणार नाही, कारण वारसा कोण मोजतो यावरही बरेच अवलंबून असते. मराठी वाङ्मयाचा इतिहास पुण्यात लिहिला गेला. मंगळूरच्या घरात दिवा लावून रोमन अक्षरांतली मराठी वाचणारी बाई त्या इतिहासात कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिच्या दृष्टीने हे काव्य दोनशे वर्षे अखंड जिवंत होते.

याच संदर्भात लंडनचे हस्तलिखित महत्त्वाचे. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातली ही देवनागरी पोथी १९२५ च्या सुमारास जस्टिन ॲबट यांच्या नजरेस आली. तिच्यात दोन भागांची नावे ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’ अशी आहेत. रोमन नकलांत जिथे पोर्तुगीज धार्मिक शब्द येतात तिथे या पोथीत संस्कृत शब्द आहेत. मग मूळ कोणते? ॲबट यांना वाटले की स्टीफन्स यांनी आधी देवनागरीतच लिहिले आणि छापताना, साचे नसल्यामुळे, रोमन करून पोर्तुगीज शब्द घातले. इतर अभ्यासक उलट सांगतात: कोणा पुढच्या ख्रिस्ती पंडिताने रोमन पाठ देवनागरीत उतरवून त्याला शुद्ध केले. मला दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. शुद्ध मराठीत सोपे शब्द मिसळणारा लेखक प्रस्तावनेत तसे सांगतो, आणि एखादा उत्साही वाचक ती मिसळण काढून टाकतो, ही गोष्ट पोथ्यांच्या व्यवहारात रोजची आहे. पहिले मत खरे ठरले तर स्टीफन्स यांची १६०८ ची खंत अधिकच तीव्र वाटेल. दुसरे खरे असेल तर त्या अनाम पंडिताने न झालेले सहाशे साचे बोरूने पुरे केले असे म्हणावे लागेल. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट ठरते: या ग्रंथाच्या वाचकांनी तो जसाच्या तसा कधीच ठेवला नाही. मुखपृष्ठावरचे नाव बदलले, लिपी बदलली, शब्द बदलले. मागून घेतलेल्या वस्तूवर माणूस असाच हक्क गाजवतो.

आता वाचनाविषयी थोडे. हा ग्रंथ डोळ्यांनी वाचू लागले की रोमन-देवनागरीच्या ओढाताणीतली शब्दरूपे अडवतात. मोठ्याने वाचला की ओवी आपोआप सावरून घेते. सगळे अवस्वर सारख्या तोलाचे नाहीत. वंशावळींचे कंटाळवाणे आहेत आणि खंडनमंडनाचे एकसुरी. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताच्या दुःखभोगाला कवीने सढळ जागा दिली आहे. मरियेच्या शोकाचे भाग वाचताना हे युरोपातल्या आईचे रडणे राहत नाही, ते आपल्याकडचे, अंगणात बसून नावे घेत केलेले रडणे होते. मराठीच्या स्तुतीच्या त्या ओव्या पहिल्याच अवस्वरात लागतील आणि तिथे थांबण्याचा मोह होईल. थांबू नये. त्याच अवस्वरात, आपली पुराणे गेली म्हणून पाद्रीकडे दुसरी मागणारा तो ब्राह्मणही उभा आहे.